नेटबॉल सोडलेली लेक

«ताई, आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहतो. मुलगी १४ वर्षांची आहे. प्रायमरीत होती तेव्हा नेटबॉल, पोहणं, मंडळाच्या गणपतीतला नाच, सगळ्यात पुढे असायची. आता शाळेतून आली की खोलीचं दार बंद. पीई म्हणजे खेळाचा तास असेल त्या दिवशी हमखास पोटात दुखतं. मंडळात जायचं म्हटलं की रडारड. रात्री एक-एक वाजेपर्यंत फोन. हे म्हणतात, जिम लावून देऊ, वजनही वाढलंय. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणतात, आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही. मला काहीच सुचत नाही.»

जिमची फी अजून भरली नसेल तर थांबा. जिम वाईट नाही, पण तुमच्या घरात ती वजनाच्या वाटेने येते आहे. ‘वजन वाढलंय म्हणून व्यायाम’ असं म्हटलं की चौदा वर्षांच्या मुलीला त्यातलं एकच ऐकू येतं: मी आहे तशी घरच्यांना आवडत नाही. या वयात उंची वाढते, अंग भरतं, वजन वाढतं. ते वाढायलाच हवं. पुरेसं न खाता व्यायाम रेटणाऱ्या मुलींची पाळी थांबू शकते, हाडं कमजोर होऊ शकतात. त्यापेक्षा घरात ‘जाड’, ‘बारीक’, ‘सुटलीस’, ‘वाळलीस’ हे शब्दच बंद करा. सासूबाईंना हे तुमच्या यजमानांनी सांगावं. सुनेने सांगितलं तर वाद होईल, मुलाने सांगितलं तर त्या ऐकतील.

आता मनावरचं एक ओझं उतरवा. तुमचं काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी. याच संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतली २०१६ सालची स्थिती तपासली. ११ ते १७ वयाच्या मुलींपैकी ८५ टक्के तेवढी हालचाल करत नव्हत्या. मुलग्यांमध्ये हे प्रमाण ७८ टक्के होतं. म्हणजे ही गोष्ट एका घराची नाही. तुमच्या लेकीचं खेळणं सुटलं ते सेकंडरीत गेल्यावर, आणि या देशात असंख्य मुलींचं तिथेच सुटतं.

का सुटतं, हे आपण आया फारसं विचारत नाही, कारण उत्तर अवघड असतं. पोर्ट्समथ विद्यापीठाच्या संशोधकांनी ११ ते १८ वयाच्या दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलींना विचारलं होतं. जवळजवळ निम्म्या जणींनी सांगितलं की छातीमुळे शाळेतल्या खेळावर परिणाम होतो. हलते, दुखते, मुलं बघतात. त्यातल्या कितीतरी जणींनी स्पोर्ट्स ब्रा कधी घातलेलीच नव्हती. पाळी आली की आपण मुलींना पॅड आणून देतो, ‘डाग पडला नाही ना’ विचारतो आणि विषय मिटवतो. पण पांढऱ्या टी-शर्टात, आखूड शॉर्ट्समध्ये, हातापायांवरच्या काळ्याभोर केसांसकट तीस जणांपुढे पळायचं म्हणजे काय, हे तिच्या जागी उभं राहून बघा. विम्बल्डनलासुद्धा नुसत्या पांढऱ्या कपड्यांचा नियम २०२३ मध्ये सैल करावा लागला. पाळीची धास्ती नको म्हणून खेळाडू बायकांना आता आतून गडद रंगाची शॉर्ट घालता येते. त्या खेळाडू जगातल्या अव्वल होत्या. तुमची लेक चौदा वर्षांची आहे.

तेव्हा पहिलं काम दुकानातलं. नीट मापाच्या दोन स्पोर्ट्स ब्रा आणि काळी लेगिंग्ज घ्या. पीईच्या शिक्षिकेला ईमेल करून विचारा, शॉर्ट्सऐवजी लेगिंग्ज चालतील का. केस काढायचे असतील तर ‘या वयात कशाला’ म्हणू नका, कसे काढायचे ते शिकवा. पोटदुखी कदाचित तिथेच थांबेल.

आता माझी चूक सांगते, तुम्ही ती करू नये म्हणून. माझी मुलगी तेरा वर्षांची असताना अशीच मिटत गेली. मी तिला आठवड्यातून चार दिवस बॅडमिंटनच्या कोचिंगला घातलं. तिथेही लेव्हल, तिथेही निवड, आणि परत येताना गाडीत माझे प्रश्न: आज जिंकलीस का, सर काय म्हणाले. मी खेळाची ट्यूशन करून टाकली. सहा महिन्यांनी तिने रॅकेट कपाटात ठेवली ती कायमची. पुढे तिला मोकळं केलं ते रविवारी दुपारी कालव्याकाठी नुसतं चालण्याने. शेजारी-शेजारी चालताना डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही. पहिले काही रविवार ती काहीच बोलली नाही. मग एका पुलाखाली, पाऊस थांबायची वाट बघत असताना, तिने शाळेतल्या मैत्रिणींनी व्हॉट्सॲप ग्रुपमधून कसं काढलं ते सांगितलं. त्याला तेव्हा पाच महिने उलटले होते.

व्यायामाने नैराश्याची लक्षणं कमी होतात, झोप सुधारते, हे अनेक अभ्यासांनी दाखवलं आहे. पण या वयातल्या मुलीला ‘तुझ्या मेंदूसाठी चांगलं’ म्हणून कुणी पळवू शकत नाही. ती जाते ते कुणीतरी वाट बघत असतं म्हणून. तिच्यासाठी अशी जागा शोधा.

ब्रिटनमध्ये एक जागा फुकट मिळते: पार्करन. २ ऑक्टोबर २००४ ला, आपल्याकडे गांधी जयंतीला, लंडनच्या बुशी पार्कात १३ जण पळाले आणि ते सुरू झालं. आता देशभरातल्या शेकडो बागांमध्ये दर शनिवारी सकाळी ५ किलोमीटर पळायचं किंवा चालायचं असतं. सगळ्यांच्या मागे एक स्वयंसेवक मुद्दाम चालत येतो, म्हणून कुणीच शेवटचं ठरत नाही. रविवारी सकाळी लहान मुलांचं २ किलोमीटरचं असतं, ४ ते १४ वयाच्या मुलांसाठी. माझ्या मते तुमच्या लेकीसाठी खरी जागा ती, आणि तीही स्वयंसेवक म्हणून. वळणावर उभं राहायचं, धापा टाकत येणाऱ्या सहा वर्षांच्या पोरांना टाळ्या द्यायच्या. तिच्याकडे कुणी बघत नसतं, तीच दुसऱ्यांकडे बघत असते. थंडीत चारलाच अंधारून येतं आणि एकट्या मुलीला संध्याकाळी बाहेर सोडायला आपला जीव होत नाही. सकाळच्या या वेळेला तीही अडचण नाही. शाळेत ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्ड (तरुण मुलांसाठीचा उपक्रम) असेल तर ब्राँझ या पहिल्या पातळीसाठी हे स्वयंसेवेचे तास धरले जातात. पण हे तिला शाळेतून कळू द्या. आपण सांगितलं की त्याचं लगेच करिअर होतं.

मंडळाबद्दल दोन शब्द मंडळाच्या मंडळींनाच सांगायचे आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. गणपती, दिवाळी, नाटकं, मराठी शाळा, हे सगळं आपण इथे मोठ्या कष्टाने उभं केलं. पण तेरा-चौदाच्या मुलीला त्या हॉलमध्ये काय मिळतं? ‘केवढी झालीस गं! ग्रामर स्कूलला आहेस ना? मार्क किती?’ आणि ताट वाढण्याचं काम. तिने का यावं? तिला ढोलपथकात घ्या. कमरेला ढोल बांधून दोन तास सराव केला की अंगातून घाम निथळतो, हात भरून येतात. ताल चुकला तर शेजारची सावरून घेते, आणि आपली एक जण आली नाही तर पथकाला ते जाणवतं. लेझीमचंही तेच. मंगळागौरीचे खेळ तर आपल्या पणज्यांनी शोधलेला घाम काढणारा व्यायाम: फुगडी, झिम्मा, पिंगा, एकदा अर्धा तास सलग खेळून बघा. फक्त मुलींना स्टेजवर उभं करून मोबाइल रोखू नका. हॉलचं दार लावा, पुरुष मंडळींना बाहेर चहा द्या आणि आया-मुली नुसत्या खेळा.

तुम्ही लिहिलेल्यापैकी एका गोष्टीने मात्र मला काळजी वाटते: रात्री एकपर्यंत जागणं, म्हणजे झोप. दोन आठवड्यांहून जास्त दिवस ती उदास असेल, खाणं बदललं असेल, आवडीच्या कशातच मन लागत नसेल, तर जीपीकडे, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे न्या. थकवा कधी लोह कमी पडल्याने असतो, विशेषतः शाकाहारी घरात आणि पाळी जोराची असेल तर. आपल्या सावळ्या त्वचेला इथल्या उन्हातून ड जीवनसत्त्वही पुरेसं मिळत नाही. रक्त तपासून घ्या. आणि जीपीजवळ तिला दहा मिनिटं एकटीला बोलू द्या, बाहेर बसा. आत काय बोललीस हे परतताना विचारू नका.

ती ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असं काही बोलली, हातांवर ओरखडे दिसले, लांब बाह्यांचे कपडे उन्हाळ्यातही निघेनात, तर व्यायामाची वाट बघत बसू नका. तिला थेट विचारा, ‘तुला जगू नये असं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणाला तरी कळलं, या जाणिवेने जीव हलका होतो. ब्रिटनमध्ये मुलांची हेल्पलाइन चाइल्डलाइन, तिचा नंबर ०८०० ११११, मोफत आहे. इथल्या आरोग्य सेवेच्या १११ वर फोन करून मानसिक आरोग्याचा पर्याय निवडता येतो, आणि जिवाला धोका असेल तर ९९९. अमेरिका-कॅनडातल्या वाचकांसाठी ९८८, ऑस्ट्रेलियात किड्स हेल्पलाइन १८०० ५५ १८००. नंबर फ्रिजवर लावा, सगळ्यांना दिसेल असा. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आणि तुम्ही? पत्रात तुम्ही सगळ्यांबद्दल लिहिलंत, स्वतःबद्दल एक ओळ नाही. तुम्ही शेवटचं कधी धावलात, कधी मैत्रिणीबरोबर नुसतं फिरायला गेलात? या शनिवारी तिला उठवू नका. तुम्ही बूट घाला आणि पार्करनला चालून या. पुढच्या शनिवारीही जा. ती लगेच येणार नाही, ‘तू आली असतीस तर’ असं म्हणूही नका. चिखलाचे बूट दारात राहू द्या आणि पोहे फोडणीला टाका. वासाने ती खाली येईल तेव्हा शेवटून दुसऱ्या आलेल्या त्या आजीबाईंची गोष्ट सांगा, आणि पुढच्या रविवारी बागेत टाळ्या द्यायला एक माणूस कमी आहे, एवढंच.