कोपर्निकस आणि केप्लर यांनी प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञान मोडीत काढलं, की त्यावरच उभारणी केली?

उभारणीच केली, आणि तीही थेट गणितात.

टॉलेमी हा पृथ्वी मध्यभागी धरणारा प्राचीन ग्रीक खगोलशास्त्रज्ञ. कोपर्निकसचा त्याच्यावरचा मोठा आक्षेप होता ‘इक्वंट’वर. टॉलेमीच्या रचनेत ग्रहाचं उपवृत्त (ग्रह ज्यावर फिरतो ते छोटं वर्तुळ) मोठ्या वर्तुळावरून फिरतं, पण त्याची गती एकसमान भरते ती वर्तुळाच्या केंद्रातून नव्हे, तर बाजूला धरलेल्या इक्वंट या बिंदूतून पाहिलं तर. आकाशातली गती वर्तुळाकार आणि एकसमानच असणार, हा प्लेटो-ॲरिस्टॉटलच्या परंपरेतला दंडक इथे मोडतो. तो पाळायचा म्हणून कोपर्निकसने इक्वंट काढला आणि त्याजागी आणखी छोटी वर्तुळं बसवली. त्यामुळे ‘कोपर्निकसने उपवृत्तं हद्दपार केली’ हे नेहमीचं विधान चूक आहे. वक्री गतीसाठी (ग्रह काही काळ उलटा सरकताना दिसतो, त्यासाठी) लागणारी मोठी उपवृत्तं गेली, छोटी राहिली. पृथ्वी फिरते असं मानणारे हिसेटास, फिलोलाउस हे सिसेरो आणि प्लुटार्क वाचताना सापडले, असं 1543 च्या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत तो स्वतःच सांगतो. सूर्य मध्यभागी मानणाऱ्या ग्रीक ॲरिस्टार्कसचं नाव हस्तलिखितात होतं, छापील ग्रंथात तो मजकूर आला नाही.

केप्लरची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. प्लेटोचे पाच सुसम घन (सगळे पृष्ठभाग एकसारखे असलेल्या घनाकृती) तेव्हा माहीत असलेल्या सहा ग्रहांच्या गोलांमध्ये बसतात, असं त्याने 1596 मध्ये मांडलं. शनी आणि गुरू यांच्यामधला घन, म्हणजे सहा चौरसांचा ठोकळा (क्यूब), घ्या: बाहेरून आणि आतून टेकणाऱ्या गोलांच्या त्रिज्यांचं गुणोत्तर येतं 1.73, ग्रहांच्या सरासरी अंतरांचं 1.83. कक्षांची केंद्रं सूर्यापासून सरकलेली, म्हणून त्याने गोलांना जाडीही दिली, तरी मेळ नीट बसेना. अचूक आकडे हवेत म्हणूनच तो 1600 मध्ये काटेकोर आकाश-निरीक्षणांसाठी प्रसिद्ध असलेल्या टायको ब्राहेकडे गेला.

तिथे मंगळाने घात केला. केप्लरने चक्क इक्वंट परत आणला. मंगळाचे भोगांश (आकाशातल्या स्थानाचे कोन) 2 कलांच्या (1 कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आत जुळले, पण अंतरं चुकली. अंतरं दुरुस्त केली, तर भोगांशात 8 कलांची चूक निघाली, म्हणजे चंद्रबिंबाच्या साधारण पाव रुंदीएवढी. टायकोची निरीक्षणं एवढी चुकूच शकत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून वर्तुळ सोडलं आणि 1609 मध्ये लंबवर्तुळ आलं.

दंडक गेला, पण प्लेटो आणि पायथागोरस राहिले. केप्लरचा ग्रहगतीचा तिसरा नियम 1619 च्या विश्वसंगीतावरच्या ग्रंथात आहे, आणि पाच घनांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती केप्लरने 1621 मध्ये काढली, ती कल्पना न सोडता.