रिपोर्ट एचआयव्ही पॉझिटिव्ह आलाय. ऑफिसात सांगावं लागेल का? नोकरी जाईल का?

नाही, ऑफिसात सांगणं तुमच्यावर बंधनकारक नाही आणि निव्वळ एचआयव्ही आहे म्हणून तुम्हाला कामावरून काढताही येत नाही. याला आधार आहे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्याचा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. न्यायालयाचा आदेश असल्याशिवाय ही माहिती उघड करण्याची सक्ती कोणी करू शकत नाही, नोकरी देताना एचआयव्ही चाचणीची अटही घालता येत नाही. (मुंबई उच्च न्यायालयाने तर १९९७ मध्येच सांगितलं होतं की काम करायला सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीमुळे नोकरी नाकारता येणार नाही.) शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत यासाठी तक्रार अधिकारी नेमावा लागतो, तिथे दाद लागली नाही तर याच कायद्याखाली नेमलेल्या राज्याच्या लोकपालाकडे (ओम्बुड्समन) जाता येतं. तुमची भीती मी समजू शकतो, कारण कायदा असूनही कुजबुज होतेच. म्हणून विश्वासातल्या मित्रालासुद्धा घाईत सांगू नका. आधी एआरटी केंद्रातल्या (जिथे एचआयव्हीवरची औषधं मिळतात) समुपदेशकाशी किंवा १०९७ या मोफत हेल्पलाइनवर बोला. रजेचे आणि विम्याचे कागद एचआरकडे देण्यापूर्वी त्यावर आजाराचं नाव आहे का, हे नक्की बघा.

जोडीदाराची गोष्ट मात्र वेगळी. लैंगिक संबंध असतील तर त्या व्यक्तीला संसर्ग होऊ नये याची वाजवी काळजी घेणं ही जबाबदारी हाच कायदा तुमच्यावर टाकतो, आणि तिला आधी कल्पना देणं हाही त्या काळजीचा भाग असू शकतो. हिंसाचाराची भीती असलेल्या स्त्रियांना त्यात सवलत आहे.