साखर लपवू नका, रेशनकार्ड तपासून ठेवा

या सदराकडे येणारी बरीच पत्रं एकाच वळणाची असतात: खासगी विमा घ्यावा, की सरकारी योजना आणि सरकारी दवाखान्यावर भिस्त ठेवावी? विम्याचे दावे डॉक्टर म्हणून तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. दोन्हींपैकी एकच धरा, असं कुठलाही नियम सांगत नाही. तरी पत्रं येतच राहतात, म्हणून यावेळी काही प्रश्न एकत्र घेतो आहे.

आमचं केशरी रेशनकार्ड आहे. महात्मा फुले योजनेत पाच लाखांपर्यंत उपचार मोफत होतात. मग दरवर्षी मेडिक्लेमचा हप्ता कशाला भरायचा? (नाशिक)

योजना चांगली आहे आणि आता पांढऱ्या कार्डालाही लागू आहे. पण ती ठरलेल्या आजारांना आणि योजनेत असलेल्या रुग्णालयांतच चालते, शिवाय काही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवल्या आहेत. अँजिओप्लास्टी, कॅन्सर, डायलिसिस यांसाठी ती मोठा आधार आहे. घराजवळच्या नर्सिंग होममध्ये तापासाठी चार दिवस राहिलात, तर ते बिल योजनेतून सुटेल असं गृहीत धरू नका. हप्ता झेपत असेल तर दोन्ही ठेवा. झेपत नसेल तर कर्ज काढून विमा घेऊ नका.

एक काम मात्र याच आठवड्यात करा. रेशनकार्डावरची आणि आधारवरची नावं जुळवून बघा. सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर असतं, नातवाचं कुठेच नसतं, आणि हे लक्षात येतं ते रुग्ण दारात असताना. जवळच्या योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो, त्याला आत्ताच भेटून या. योजनेत दाखल झाल्यावर कोणी ‘वरचे पैसे’ मागितले तर देऊ नका, 155388 वर तक्रार करा.

आईचं वय 72 आहे. तिच्या नावावर खासगी पॉलिसी आहे. आयुष्मान वय वंदना कार्ड मिळेल का? (रत्नागिरी)

मिळेल. हे केंद्र सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेचं कार्ड आहे. 70 वर्षं पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट नाही, आधार घेऊन जा.

वडील 58 वर्षांचे आहेत, आठ वर्षांपासून मधुमेह आहे. एजंट म्हणतो, फॉर्मवर लिहू नका, हप्ता वाढेल. तीन वर्षं गेली की कोणी विचारत नाही. (सांगली)

या एका सल्ल्यापायी मी जितके दावे बुडताना पाहिले, तितके दुसऱ्या कशानेही नाही. तेव्हा सविस्तर सांगतो.

‘तीन वर्षं’ कुठून आली ते आधी बघा. 2024 च्या नियमांनुसार, आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त 36 महिने थांबायला लावू शकते. हा प्रतीक्षाकाळ फॉर्मवर सांगितलेल्या आजारासाठी आहे. लपवलेल्या आजाराला त्याचा काडीचा उपयोग नाही. दुसरी मुदत 60 महिन्यांची. तेवढा काळ पॉलिसी सलग चालली की माहिती दिली नाही या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही, मात्र फसवणूक सिद्ध झाली तर येतो. एजंट या दोन मुदतींची खिचडी करतो आणि कमिशन घेऊन मोकळा होतो. सही असते तुमच्या वडिलांची.

पकडलं कसं जातं, तेही सांगतो. रुग्ण दाखल होतो, रात्रपाळीचा निवासी डॉक्टर विचारतो, ‘शुगर-बीपी आहे का? कधीपासून?’ मुलगा घाबरलेला असतो, खरं सांगतो: आठ वर्षं. केसपेपरच्या पहिल्याच पानावर ते लिहिलं जातं. फाइल आली की आम्ही आधी तेच पान उघडत असू. दाखल झाल्यावर ते पान बदलून द्या म्हणून डॉक्टरांच्या मागे लागणारे नातेवाईकही असतात. तसं अजिबात करू नका. त्या नोंदीवर उपचार चालतात, आणि खाडाखोड दिसली की प्रकरण थेट फसवणुकीत जातं.

मधुमेह लिहा. गोळ्यांची नावं, इन्सुलिन असेल तर तेही लिहा. हप्ता वाढेल, कदाचित एखादी कंपनी नकार देईल; मग दुसरीकडे विचारा. मधुमेहाला प्रतीक्षाकाळ कमी असलेल्या पॉलिसीही मिळतात. फॉर्म एजंटला भरू देऊ नका. दिलात तर सही करण्याआधी ओळ न् ओळ वाचा. पॉलिसी हातात आल्यावर 30 दिवसांत न पटल्यास परत करता येते, त्या मुदतीत सोबतची फॉर्मची प्रत तपासा. आधीच लपवून बसला असाल, तर कंपनीला लेखी कळवण्यापूर्वी पॉलिसी विकण्यात ज्याचा फायदा नाही अशा जाणकाराला कागद दाखवा. पण कळवा. सगळीकडून नकार आला, तरी रेशनकार्डावरची योजना वडिलांना आहेच, तिथे जुना आजार आड येत नाही.

तीन लाखांची पॉलिसी, बिल दोन लाखांचं, तरी आमच्या खिशातून सत्तर हजार गेले. रुग्णालयाने लुबाडलं का? (पुणे)

कागद न बघता ठामपणे सांगता येणार नाही, पण मला खोलीभाड्याची शंका येते. बऱ्याच जुन्या पॉलिसींत दिवसाच्या भाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का असते, म्हणजे तुमची तीन हजार. तुम्ही सहा हजारांची खोली घेतली असेल, तर कंपनी भाडं अर्धं देतेच, शिवाय सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हेही त्याच प्रमाणात अर्धं करते. समजा, चार दिवसांचं भाडं 24,000 पैकी 12,000 मिळालं. बाकीचे खर्च 1,20,000 पैकी 60,000. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवलेल्या वस्तूंना ही कपात लावता येत नाही, ते 60,000 पूर्ण. बेरीज 1,32,000, तुमच्यावर आले 72,000.

औषधं-तपासण्यांवरही कात्री लावली असेल तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. दाखल होताना काउंटरवरची व्यक्ती ‘इन्शुरन्स आहे ना, मग डीलक्स घ्या’ म्हणाली, तर आधी पॉलिसीची खोलीभाड्याची ओळ वाचा.

ऑफिसचा विमा आहे. स्वतःची पॉलिसी हवी का? (ठाणे)

हवी. नोकरी सुटली की तो विमाही सुटतो, आणि तेव्हा वय वाढलेलं, साखर लागलेली असते. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटीही नाही. आता आणखी थांबू नका.

दवाखान्याचं दोन हजारांचं हेल्थ कार्ड म्हणजे विमाच ना? (सोलापूर)

नाही. ती बिलावरची सवलत आहे.

विमा असताना सरकारी रुग्णालयात जाणं म्हणजे जिवाशी खेळ, असं सगळे म्हणतात. (कराड)

‘सगळे’ म्हणजे कोण, ते कधी विचारलंत का? साप चावला तर खासगीत चौकशी करत वेळ घालवू नका, जवळच्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात आधी फोन करून निघा. सर्पविषावरचं इंजेक्शन (प्रतिविष) तिथे असतं आणि ते हाताळण्याची सवय असलेली माणसंही. क्षयरोगाची औषधं सरकारकडून मोफत मिळतात, डॉक्टर खासगी असला तरी. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार नि:शुल्क आहेत. गर्दी, अस्वच्छता, रिकामी पदं, हे सगळं खरं आहे आणि त्याचा मला राग आहे. तरीही कुठे जायचं हे आजार बघून ठरवा, आणि ते तुमच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

धर्मादाय रुग्णालयात गरिबांसाठी खाट मागितली तर ‘नाही’ म्हणतात. (पिंपरी)

‘नाही’ हे लेखी मागा. उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1,80,000 आणि 3,60,000 रुपये. तातडीच्या वेळी निर्धन रुग्णाकडून अनामत मागता येत नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन आधी तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, आणि तरीही टाळाटाळ झाली तर धर्मादाय आयुक्तालयात त्याच दिवशी अर्ज द्या.