एमजीएमटीच्या रिपोर्टसाठी रेडिएशन अडवून धरू नका

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि मग झोपच लागली नाही. वडील ६१ वर्षांचे, जीबीएमचं, म्हणजे मेंदूतल्या आक्रमक कॅन्सरच्या गाठीचं, ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेत, हॉस्पिटल ब्लॉक, म्हणजे काढलेल्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा, देत नाही, आणि घरचे म्हणतात की त्या तुकड्यावरच्या तपासणीत एमजीएमटी हा जीन 'अनमिथायलेटेड' निघाला (म्हणजे काय ते खाली सांगते) तर रेडिएशनचा उपयोगच नाही, तेव्हा रिपोर्ट येईपर्यंत थांबू. हे सगळं २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या घरात असंच्या असं बोललं गेलंय. माझे मिस्टर तेव्हा ५२ वर्षांचे होते.

मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते. शेवटचा शब्द तुमच्या रेडिएशनच्या डॉक्टरांचा. पण थांबू नका, एवढं मी ठामपणे सांगणार आहे. बाकी आजार काय, सहा आठवडे रोज रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइड ही केमोची कॅप्सूल, हे तुम्हाला एव्हाना पाठ झालं असेल, त्यात शिरत नाही.

घरच्यांचा घोळ कुठे होतोय ते आधी सांगते. टेमोझोलोमाइड गाठीच्या पेशीतल्या डीएनएला जागोजागी इजा करतं. त्यातली सगळ्यात घातक इजा दुरुस्त करणारं प्रथिन म्हणजे एमजीएमटी. त्याचा एक रेणू एक दुरुस्ती करतो आणि स्वतः निकामी होतो, म्हणून पेशीला ते सतत नवं बनवावं लागतं. काही गाठींमध्ये हे प्रथिन बनवणाऱ्या जीनच्या सुरुवातीच्या भागावर, म्हणजे प्रमोटरवर, मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट बसलेले असतात, त्यालाच 'मिथायलेटेड' म्हणतात; नसतील तर 'अनमिथायलेटेड'. जीनमधलं एक अक्षरही बदललेलं नसतं, पण वहीची पानं एकमेकांना चिकटावीत तसं ते वाचताच येत नाही. एपिजेनेटिक्स म्हणतात ते हेच. नवं प्रथिन बनत नाही, औषधाने केलेली इजा तशीच राहते, पेशी मरते. म्हणून 'मिथायलेटेड' ही चांगली बातमी. पण ही सगळी गोष्ट मुख्यतः औषधाची झाली. रेडिएशन डीएनएचे दोन्ही धागे तोडतं आणि ते सांधणारी यंत्रणा वेगळी आहे. 'अनमिथायलेटेड म्हणजे रेडिएशन वाया' हे वाक्य कुठून आलं माहीत नाही, पण ते चूक आहे.

पुढचे आकडे नको असतील तर हा परिच्छेद सोडा, मीही कित्येक महिने बघितले नव्हते. २००५ साली युरोप आणि कॅनडातल्या ५७३ रुग्णांच्या चाचणीचे निकाल आले आणि आजची उपचारपद्धत ठरली: रेडिएशनची एकूण मात्रा ६० ग्रे, ३० वेळांत विभागून, सोबत टेमोझोलोमाइड. त्यातल्या २०६ जणांच्या गाठीचं एमजीएमटी तपासता आलं, ४५ टक्के मिथायलेटेड निघाले. त्यांच्यात नुसत्या रेडिएशनवर मध्यक आयुष्य १५.३ महिने होतं, औषध जोडल्यावर २१.७. अनमिथायलेटेडमध्ये ११.८ आणि १२.७. म्हणजे औषधाचा फायदा कमी-जास्त झाला. रेडिएशन दोन्हीकडे सगळ्यांना दिलं होतं. आणि मध्यक म्हणजे निम्मे लोक त्याच्या पुढे गेले, हे विसरू नका.

आता माझी चूक. परदेशातल्या एका नातेवाइकांनी फोनवर सांगितलं, "एमजीएमटी कळल्याशिवाय सुरू करू नका." मी ते धरून बसले. डॉक्टर पाचव्या आठवड्यात सुरू करू म्हणत होते, मीच हात जोडून थांबा म्हटलं.

आणि मग ब्लॉकसाठी खेटे सुरू झाले. जिथे ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीच्या खिडकीवर पहिल्या दिवशी सांगितलं, ब्लॉक नातेवाइकांना देत नाही, डॉक्टरांचं पत्र आणा. पत्र आणलं तर त्यावर बायोप्सी नंबर नाही. नंबर टाकून आणला तर सही करणारे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारीच येतात. शुक्रवारी गेले तर हातात एक पाकीट दिलं. मी ते तसंच मुंबईच्या लॅबला पाठवलं. आठवड्याने लॅबचा फोन: या रंगवलेल्या स्लाइड्स आहेत, आम्हाला मेणाचा ब्लॉक हवा. परत खिडकी. शेवटी ब्लॉक मिळाला तो असा की त्यात बहुतेक मेलेलं ऊतक, तपासणीपुरती जिवंत गाठच नाही. दुसरा ब्लॉक मागायला चौथी फेरी. अडीच-तीन सेंटिमीटरची प्लॅस्टिकची चौकट, माझ्या नवऱ्याच्या डोक्यातून काढलेला तुकडा, आणि तो मिळवायला मी पावसात एसटीने २४ दिवस खेटे घातले. त्या खिडकीवरच्या एकानेही पहिल्याच दिवशी "कशाला हवाय?" असं विचारलं असतं तरी निम्मे दिवस वाचले असते. आजही ते आठवलं की हात थरथरतात.

रेडिएशन सुरू झालं ६४व्या दिवशी. प्लॅनिंगच्या एमआरआयमध्ये काढलेल्या जागेच्या कडेला पुन्हा गाठ दिसत होती, आणि डाव्या हाताची पकड तोवर गेली होती. उशिरामुळेच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही छातीठोक म्हणू शकत नाही. पण तो हात परत आला नाही. आणि रिपोर्ट? 'मिथायलेटेड'. उपचार दिले ते पहिल्या दिवशी ठरलेलेच, एका गोळीचाही फरक नाही. ५२ वर्षांच्या, चालत्या-फिरत्या माणसाला दोन्ही रिपोर्टवर तेच देणार होते. "रिपोर्ट असा आला तर काय कराल आणि तसा आला तर काय कराल?" एवढा एकच प्रश्न मी विचारला नाही.

तुम्ही तो उद्याच विचारा. ६५-७० च्या पुढच्या, थकलेल्या रुग्णांत मात्र हा रिपोर्ट निर्णय खरोखर बदलू शकतो: नुसत्या गोळ्या, की १५ दिवसांचं छोटं रेडिएशन, की दोन्ही. तुमच्या वडिलांची तब्येत कशी आहे ते पोस्टमध्ये नाही, म्हणून हे डॉक्टरांवर सोडते. टेस्ट करू नका असं मी म्हणत नाही. करा, पण ती बाजूने चालू द्या.

रिपोर्ट हातात आला की 'प्रमोटर मिथायलेशन' हे शब्द आहेत का बघा. नुसतं 'एमजीएमटी पॉझिटिव्ह' असेल तर पेढे वाटू नका. स्लाइडवर प्रथिनाला रंग देऊन तपासलेला पॉझिटिव्ह म्हणजे प्रथिन हजर आहे, म्हणजे अर्थ बरोबर उलटा. त्या तपासणीवर उपचार ठरवत नाहीत.

व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधाबद्दल कुणीतरी सांगेलच की ते डीएनएची गुंडाळी सैल करतं आणि रेडिएशन जास्त लागू पडतं. आशा खरंच होती, पण २०१६ साली मोठ्या चाचण्यांचे आकडे एकत्र तपासले तेव्हा आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. फिटचं औषध त्यासाठी बदलून मागू नका. आणि 'एपिजेनेटिक' असं छापून विकतात त्या हळदीच्या कॅप्सूल आणि पावडरींवर एक रुपयाही घालवू नका. तो पैसा घरी मदतनीस ठेवायला लागेल.

टेमोझोलोमाइड उपाशीपोटी, उलटीची गोळी अर्धा-पाऊण तास आधी, कॅप्सूल कधीही फोडायची नाही, आणि दर आठवड्याला रक्ततपासणी. डेक्सा (सूज कमी करणारं स्टेरॉइड) चालू असेल तर साखर बघत राहा, आमची ३०० च्या पुढे गेली तेव्हा कळलं. रेडिएशन संपल्यावरचा पहिला एमआरआय वाईट दिसला तर लगेच खचू नका. पहिल्या तीन महिन्यांत उपचारांच्या सुजेमुळे गाठ वाढल्यासारखी दिसू शकते, आणि हे मिथायलेटेड रुग्णांत जास्त आढळतं. आमचं तेच झालं होतं, दोन महिन्यांनी ते विरलं. मिस्टर ऑपरेशननंतर अडीच वर्षं होते. मुलीची बारावी त्यांनी पाहिली.

ब्लॉकसाठी अर्जात एवढं लिहा: रुग्णाचं नाव, बायोप्सी नंबर, "एमजीएमटी प्रमोटर मिथायलेशन तपासणीसाठी, गाठीचं प्रमाण सर्वाधिक असलेला पॅराफिन ब्लॉक मिळावा, स्लाइड नको, तपासणीनंतर परत करू". डॉक्टरांचं पत्र लेटरहेडवर, वडिलांच्या सहीचं संमतिपत्र, दोघांच्या आधारची झेरॉक्स. दोन प्रती काढा आणि एकीवर तारखेसकट पोच घ्या. ब्लॉक मेणाचा असतो, उन्हात गाडीत ठेवू नका. लॅबला आधी फोन करून काय हवं ते विचारा. खिडकीवर तरीही अडवलं तर ऑपरेशन केलेल्या सर्जनना तिथूनच फोन लावा, आमचा ब्लॉक चौथ्या फेरीला त्यानेच सुटला.