बॅकयार्डला कुंपण घालताय? आधी हे बघा

अरे व्हायनल (प्लास्टिक) की सीडार (लाकूड) हे नंतर ठरव, आधी एचओएची (वसाहतीच्या घरमालक संघटनेची) परवानगी आणि प्लॉटचा सर्व्हे काढ, मी अंदाजाने खांब ठोकले आणि शेजाऱ्याच्या हद्दीत 6 इंच घुसलो, मग 3 खांब काँक्रीटच्या गोळ्यासकट उपटले, कंबर गेली ती वेगळीच. कुत्रा असेल तर बंद फळ्यांचं 6 फुटी घे, नुसती हद्द दाखवायची तर पिकेट (बुटकं, फटीफटीचं कुंपण) पुरे.

नवीन माणूस हमखास चुकतो ते:
- खणायच्या आधी 811 ला (अमेरिकेतला जमिनीखालच्या लाइन्स आखून घ्यायचा नंबर) फोन नाही करत. फुकट आहे, गॅस-केबल कुठून जाते ते रंगाने आखून देतात.
- खांब उथळ पुरतात. 6 फुटी कुंपणाला निदान 2 फूट खड्डा हवाच, थंडीच्या राज्यात अजून खोल, गोठलेली माती खांब वर ढकलते.
- गेट अरुंद ठेवतात. लॉनमोवर आत जायला हवा, तो टेपने मोज.

स्टेनबिन (लाकडाला लावायचा रंग) सध्या डोक्यात घेऊ नकोस.