‘पूर्वज’ म्हणावं की ‘भाऊबंद’?

पुण्यात एका शाळेच्या निसर्गप्रदर्शनासाठी फलक लिहिणाऱ्या ताईंनी विचारलं आहे : ‘मेसेलचा पर्णकीटक हा आजच्या काडीकिड्यांचा पूर्वज आहे, हे वाक्य बरोबर आहे का? आणि काडीकिडा म्हणावं की काडीकीटक?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं. बोलताना काडीकिडा, पानकिडा. फलकावर काडीकीटक, पर्णकीटक. एकाच वाक्यात सरमिसळ नको, एवढंच.

‘पूर्वज’ हा शब्द मात्र बदलाच. पूर्वज म्हटलं की सरळ वंश आला : बाप, आजा, पणजा, खापरपणजा. कुलवृत्तांत चाळलेल्या पुणेकराला ठाऊक असतं, की जुन्या कागदात आपल्या आडनावाचा माणूस सापडला म्हणून तो लगेच आपला मूळपुरुष ठरत नाही. तो निपुत्रिक वारलेला चुलत पणजोबाही असू शकतो. जीवाश्माचं अगदी तसंच. त्याच्या पोटी पुढे कोण जन्मलं, हे दगड सांगत नाही. शरीराच्या खुणा जुळवून नातं तेवढं लावता येतं.

मेसेल जर्मनीत, डार्मस्टाटजवळ. सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वी तिथे खोल तळं होतं आणि त्याच्या तळाशी प्राणवायू जवळजवळ नव्हता. त्यामुळे बुडालेला कीटक कुजून जाण्याआधी गाळात गाडला गेला. २००७ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, नाव इओफिलियम मेसेलेन्सिस. तो नर आहे. पोट पानासारखं पसरट, आणि पुढचे पाय असे बाकदार की त्यांच्यामध्ये डोकं झाकलं जावं. आजच्या पर्णकीटकाच्या नराशेजारी ठेवला तर फरक शोधावा लागतो! तरीही तो त्यांचा लुप्त भाऊबंद, मूळपुरुष नव्हे.

शिवाय तुमच्या वाक्यात नात्याची दिशा उलटी झाली आहे. पर्णकीटक ही काडीकीटकांच्याच गणातून फुटलेली एक शाखा. तिच्यातल्या कीटकाला सगळ्या काडीकीटकांचा पूर्वज म्हणणं म्हणजे नातवाला आजोबांच्या वर बसवणं.

मग पानाचं रूप या गणात नंतर आलं का? इथे खरी गंमत आहे. चीनच्या इनर मंगोलियातला क्रेटोफास्मोमिमा मेलानोग्रामा सुमारे १२.६ कोटी वर्षांपूर्वीचा, वर्णन २०१४ मधलं. त्याच्या पंखांवर गडद समांतर रेषा आहेत. पंख मिटले की त्यांचा आकार जिभेसारखा होई आणि पोट त्याखाली झाकलं जाई. त्याच परिसरातल्या खडकांत गिंकोच्या नात्यातल्या एका वनस्पतीची पानं मिळाली आहेत. तीही जिभेच्या आकाराची, तशाच रेषांची. फुलझाडांचा पसारा तेव्हा नुकता कुठे सुरू होत होता. म्हणजे पानात लपण्याची ही रीत आजच्या पर्णकीटकांहून कितीतरी जुनी. पण हा कीटक लुप्त झालेल्या वेगळ्या शाखेतला आहे. पानाचं सोंग दोन्हीकडे स्वतंत्रपणे आलं. ‘पूर्वज’ लिहिलंत तर नेमकं हेच झाकलं जाईल.

त्याही मागे, सुमारे १६.५ कोटी वर्षांपूर्वीचा, तिथलाच अक्लिस्टोफास्मा एकिन्युलेटम. त्याच्या पोटाच्या कडांना पसरट वाढी होत्या. पुणं ज्या काळ्या पाषाणावर वसलंय तो सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, म्हणजे हा त्याच्या अडीचपट जुना. आजच्या काडीकीटकांचा विस्तार डायनोसॉर संपल्यावर झाला की बराच आधी, यावर जनुकांचा अभ्यास करणाऱ्यांत अजून एकमत नाही. फलकावर त्याचा एकच आकडा देऊ नका.

‘कुळ’ शब्दही जपून वापरा. जीवशास्त्रात कुल ही गणाच्या खालची पायरी आहे, आणि काडीकीटकांचा आहे तो अख्खा गण. फलकावर असं लिहा : ‘मेसेलचा कीटक हा आजच्या पर्णकीटकांचा लुप्त झालेला जवळचा भाऊबंद. पर्णकीटकांची शाखा काडीकीटकांच्या गणातूनच फुटली.’ चुणचुणीत मुलं ‘मग पूर्वज कोण?’ विचारतीलच. त्यांना सांगा, मेसेलचा कीटक आणि आजचे पर्णकीटक यांचा सामाईक पूर्वज होऊन गेला हे नक्की, पण त्याचा जीवाश्म म्हणून बोट दाखवता येईल असा एकही नमुना हाती नाही.