तुमचे प्रश्न : ओकायामातल्या शाळेचा पहिला दिवस

प्रश्न : ताई, मी पुण्यात अकरावीला आहे. स्टुडंट एक्स्चेंजमधून मार्चअखेर जपानला जाते आहे, ओकायामातल्या एका हायस्कूलमध्ये, वर्षभरासाठी. जपानीची एन-४ परीक्षा पास झाले आहे, पण समोरचा भरभर बोलायला लागला की मला काही सुचत नाही. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ओळख करून द्यावी लागेल असं कळलं. आम्ही शाकाहारी, त्यामुळे आईला डब्याची काळजी. मला वेगळीच भीती वाटते : मधल्या सुट्टीत कुणी माझ्याशी बोललंच नाही तर?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तुझ्या भीतीबद्दल आधी बोलू, डब्याचं नंतर बघू. पहिल्या दिवशी कुणी आपणहून गप्पा मारायला येणार नाही, असंच धरून चाल. मुलं तुसडी नसतात गं. एक तर लाजतात आणि त्यात तुझ्याशी इंग्रजीत बोलावं लागेल या धास्तीने आणखी गप्प होतात. मी तुझ्याएवढी असताना तिथे गेले, तेव्हा शेजारच्या बाकावरची मुलगी सकाळभर वहीतून मान वर काढत नव्हती. मग साफसफाईची वेळ झाली. तिथे वर्ग मुलंच झाडतात-पुसतात. सगळ्यांनी खुर्च्या उलट्या करून बाकांवर ठेवल्या, बाकं मागे सरकवली, आणि या मुलीने एक ओलं फडकं माझ्या हातात दिलं. मी पिळलं, तर तिने ते परत घेतलं, उभं धरून घट्ट पिळून दाखवलं, पुन्हा माझ्याकडे दिलं. मग आम्ही दोघी शेजारी शेजारी ओणव्या होऊन फरशी पुसत भिंतीपर्यंत गेलो. तिथे पोचल्यावर तिने मला पहिल्यांदा नाव विचारलं. म्हणून सांगते, साफसफाईला कुणी ‘तू राहू दे, पाहुणी आहेस’ म्हणालं तरी बसून राहू नकोस. हाताला काम असलं की तुटक्या जपानीतही बोलणं होतं.

आणि तू एप्रिलमध्ये सुरुवात करते आहेस, हे फार चांगलं आहे. जपानमध्ये शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, आणि बहुतेक शाळांत त्या वेळी वर्गांची अदलाबदल होते. म्हणजे तुझ्या वर्गातली कितीतरी मुलं त्या दिवशी आपली जुनी मैत्रीण कुठल्या वर्गात गेली, हेच शोधत असतील. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाणाऱ्यांना जमलेल्या घोळक्यांत शिरावं लागतं. तुझ्यावर ती वेळ नाही.

पहिला दिवस बहुधा तासांचा नसतोच. जिममध्ये, म्हणजे शाळेच्या मोठ्या क्रीडागृहात, सगळी शाळा रांगेत उभी राहते, मुख्याध्यापक बोलतात, शाळेचं गीत होतं. तुला तिथेच व्यासपीठावर बोलावतील किंवा नंतर वर्गात फळ्यापाशी उभं करतील. चार वाक्यं पुरेत : नाव (आडनाव आधी), पुण्याहून आले, काय आवडतं, आणि शेवटी ‘योरोशिकु ओनेगाइ शिमासु’ (‘मला सांभाळून घ्या’ अशा अर्थाचं) म्हणून वाकून नमस्कार. भारताची सगळी माहिती सांगायला जाऊ नकोस, लांबलेलं भाषण कुणी ऐकत नाही. नाव काताकाना लिपीत फळ्यावर खडूने मोठं लिहायचा सराव मात्र घरी कर, आणि कुठल्या नावाने हाक मारायची तेही सांग.

ओकायामाला जाणाऱ्या पुण्याच्या मुलीजवळ एक गोष्ट आयतीच आहे. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान हे पुणे-ओकायामा मैत्रीचं उद्यान आहे, तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. कोराकुएन १७०० मध्ये पूर्ण झाली, जपानच्या तीन नामांकित बागांत तिची गणना होते, आणि ओकायामातल्या पोरासोरांनाही ती ठाऊक असते. आपल्या बागेतले तुझे दोन-तीन फोटो छापून ने. शाळेत मोबाइल बंद ठेवावा लागण्याची शक्यता आहे, म्हणून छापूनच.

आता आईसाठी. हायस्कूलमध्ये बहुतेक मुलं घरून डबा नेतात, तेव्हा यजमान घरच्या आईंना आत्ताच लिहून कळवा. नुसतं ‘शाकाहारी’ लिहू नका, कारण मांस नाही पण मासा चालतो असं अनेकजण धरतात. मांस, हॅम, मासे, कोळंबी चालत नाही, अंडं चालतं की नाही, असं एकेक लिहा. ‘दाशी’ या रश्श्यात बहुतेकदा सुकवलेल्या बोनितो माशाचा कीस असतो. तो चालणार नसेल तर कोंबू या समुद्री शेवाळाची दाशी चालेल, असं सुचवा. उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) घातलेला ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, डब्यात बिनधास्त चालतो, आणि आंबट-खारट आवडत असेल तर तुलाही आवडेल.

निघण्याच्या आधी मेंदी काढू नकोस, हौस कितीही असली तरी. कानातलं, चमकी, नेलपॉलिश यांना बऱ्याच शाळांत मनाई असते. कान-नाक टोचलेलं असेल तर समन्वयकाला आधीच कळव, म्हणजे दारात अवघडायला नको. शाळेत शिरताना बाहेरचे बूट कप्प्यात ठेवून आतले घालायचे असतात. तुझं माप मोठं असेल तर तेही कळव. आणि रोज खिशात हातरुमाल हवाच, हात पुसायला स्वच्छतागृहात बहुधा काही नसतं.

तास सुरू झाले की तिसऱ्या तासापर्यंत डोकं जड होईल. ते साहजिक आहे. गणितात तरशील, प्राचीन जपानीच्या तासाला काही कळणार नाही, वर्गातल्या निम्म्यांनाही जड जातं. शाळेतले खेळांचे, छंदांचे क्लब मात्र पहिल्या आठवड्यातच बघून ठेव. मैत्री खरी तिथे होते.

प्रश्न : आमचा मुलगाही त्याच कार्यक्रमातून जातो आहे. पहिले काही दिवस रोज व्हिडिओ कॉल करावा का?
— एक पालक, सातारा

उत्तर : रोज नको. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तुम्ही संध्याकाळी चहा घेऊन फोन कराल, तेव्हा तिथे रात्रीचे नऊ झालेले असतील. त्या वेळी यजमान घरातले लोक जेवून बसलेले असतात, दिवस कसा गेला हे त्याच्याकडून ऐकायला. तो खोलीत दार लावून तुमच्याशी मराठीत बोलत बसला, तर ती बैठक रोज हुकेल. पहिल्या दिवशी ‘पोचलो, बरा गेला’ एवढा निरोप मागा, आणि रविवारी सकाळी भरपूर बोला.